जंगली महाराज रस्त्यावरची सायकल मार्गिका पदपथावरून खाली उतरवावी का?

घोलेरोडकर

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये शहरातील रस्त्यांच्या आखणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि त्यानंतर ज्या रस्त्यांचे रूप पालटले त्यांत जंगली महाराज रस्ता अग्रभागी होता. रुंद पदपथ, बसायला बाके, झाडांभोवती कट्टे आणि मुलांसाठी खेळायची साधने हे सारे त्या वेळी नवलाईचे होते. आजही संध्याकाळी संभाजी उद्यानापासून डेक्कनपर्यंत चालत गेले की त्या कामाचे श्रेय देणे भाग पडते. त्यामुळे या मंचावर चर्चेचा हा धागा त्या कामाला नावे ठेवण्यासाठी काढलेला नाही. माझा प्रश्न त्यातील एकाच गोष्टीविषयी आहे, ती म्हणजे सायकल मार्गिका.

ही मार्गिका पदपथाच्याच पातळीवर, केवळ फरशीच्या रंगाने वेगळी दाखवलेली आहे. चालणाऱ्याला ती पदपथाचाच भाग वाटते, आणि त्यात त्याची काही चूक नाही. दुचाकीवाल्याला ती आयती लाभलेली पार्किंगची जागा वाटते. सायकलस्वाराला मात्र घंटी वाजवत, माणसे चुकवत, दर पन्नास पावलांवर उतरून सायकल हातात धरून न्यावी लागते, आणि कंटाळून तो पुन्हा मोटारींच्या गर्दीत उतरतो. मग कोणीतरी त्या रिकाम्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणतो की पुण्यात आता सायकल चालवतोच कोण.

माझे म्हणणे असे आहे की या मार्गिकेसाठी लागणारी जागा चुकीच्या खिशातून काढली गेली. सायकलीला संरक्षण हवे ते मोटारींपासून, आणि चालणाऱ्याला संरक्षण हवे ते सायकलींपासूनही. दोघांना एकाच ओट्यावर बसवून दोघांचेही संरक्षण गेले. मार्गिका डांबरी रस्त्याच्या पातळीवर असावी, तिच्या आणि वाहनांच्या मध्ये सलग काँक्रीटचा कठडा असावा, आणि तिची जागा पदपथातून न घेता रस्त्याकडेच्या पार्किंगमधून घ्यावी.

दुसरा मुद्दा दिशेचा आहे. जंगली महाराज रस्ता शिवाजीनगरकडून डेक्कनकडे एकदिशा आहे आणि फर्ग्युसन रस्ता त्याच्या उलट. मोटारीला या वळशाचे काही वाटत नाही, परंतु बालगंधर्व रंगमंदिरापासून पाताळेश्वरापर्यंत जाऊ पाहणाऱ्या सायकलस्वाराला आधी रस्त्याच्या ओघात डेक्कनला जाऊन, फर्ग्युसन रस्त्याने वर येऊन, पुन्हा खाली उतरावे लागते. म्हणून तो उलट्या दिशेने येतो. उलट येणारा प्रत्येक सायकलस्वार बेशिस्त असतो असे मानण्यापेक्षा, तिथे वाट हवी होती आणि ती ठेवली गेली नाही, असे मानणे मला अधिक खरे वाटते. तेव्हा नदीच्या बाजूला, म्हणजे वाहनांच्या डाव्या हाताला, जिथे उद्यान आणि रंगमंदिर यांच्या लांबच लांब सीमाभिंती आहेत आणि आत-बाहेर करणारी वाहने कमी आहेत, तिथे दुहेरी मार्गिका करावी असा माझा प्रस्ताव आहे.

याला एक तंतोतंत जुळणारे उदाहरण आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात प्रॉस्पेक्ट पार्क वेस्ट नावाचा एकदिशा रस्ता एका मोठ्या उद्यानाला लागून जातो. त्याच्या तीन वाहनपट्ट्यांपैकी एक काढून २०१० मध्ये उद्यानाच्या बाजूला दुहेरी सायकल मार्गिका केली गेली, आणि रांगेत उभ्या केलेल्या मोटारी हाच तिचा कठडा ठरला. तिथल्या काही रहिवाशांनी २०११ मध्ये न्यायालयात दावा लावला, तो २०१६ पर्यंत चालला आणि अखेर त्यांनीच तो मागे घेतला. मार्गिका आजही आहे. या बदलापूर्वी तिथले सायकलस्वार मोठ्या प्रमाणावर पदपथावरून जात असत, आणि नंतर ते प्रमाण नगण्य झाले. माझ्या दृष्टीने ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आपण पुण्यात नेमके उलटे केले आणि सायकलीला अधिकृतपणे पदपथावर चढवले.

सदस्यांची मते वाचायला आवडतील. विरोधी मते तर विशेषच.

गल्ल्यावरून

विरोधी मत हवे आहे, तर देतो. माझे दुकान याच रस्त्यावर आहे. फेररचनेच्या काळात दुकानापुढचा रस्ता उकरलेला होता तेव्हा ग्राहक फळीवरून उडी मारून येत असे, आणि जो उडी मारू शकत नसे तो येत नसे. त्या दिवसांचे नुकसान कोणत्याही नकाशात दिसत नाही. आता पुन्हा तेच करायचे, आणि वर पार्किंगही काढायचे?

माझा ग्राहक कोथरूडहून किंवा सिंहगड रस्त्यावरून दुचाकीने येतो, दहा मिनिटे थांबतो आणि जातो. त्याला गाडी लावायला जागा मिळाली नाही तर तो मॉलमध्ये जातो. शिवाय माल उतरवायला टेम्पो येतो, तो कुठे उभा राहणार? सायकलवाल्यांविषयी मला आकस नाही, माझ्याकडे काम करणारा मुलगा सायकलनेच येतो. परंतु चारदोन सायकलींसाठी शेकडो ग्राहकांची वाट अडवणे हा मला न्याय वाटत नाही.

अवांतर: त्या नव्या बाकांवर बसणारे लोक दुकानात शिरतात, हे मात्र मी कबूल करतो.

टेपमास्तर

रस्त्यांच्या आखणीच्या कामात माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे आधी मापे मांडतो. ही मापे समजुतीसाठी घेतलेली आहेत, प्रत्यक्ष रस्ता जागोजागी कमी-जास्त रुंद आहे.

समजा दोन पदपथांच्या मध्ये १४ मीटर मिळतात. दोन्ही बाजूंना पार्किंग ठेवले तर प्रत्येकी २ मीटर, म्हणजे ४ मीटर तिथेच गेले. उरलेल्या १० मीटरमध्ये कागदावर वाहनांच्या तीन पट्ट्या बसतात. कागदावर असे म्हणतो, कारण पार्किंगच्या शेजारी दुसरी रांग लावून ‘फक्त दोन मिनिटे’ उभ्या राहणाऱ्या मोटारी आणि रिक्षा त्यांतील एक पट्टी जवळपास दिवसभर खाऊन टाकतात. आता याच १४ मीटरची वाटणी निराळी करून पाहा. डाव्या कडेला ३ मीटरची दुहेरी सायकल मार्गिका, त्यानंतर अर्ध्या मीटरचा कठडा, त्यानंतर २ मीटरची एक पट्टी, जिच्यात ठिकाणाप्रमाणे बसथांबा, माल उतरवण्याची जागा, रिक्षाथांबा किंवा झाड येईल. मग सव्वातीन मीटरच्या दोन वाहनपट्ट्या आणि उजव्या कडेला २ मीटर पार्किंग. बेरीज १४ येते.

येथे लोक विचारतात की तीनाच्या दोन पट्ट्या केल्यावर कोंडी होणार नाही का. शहरातील रस्त्याची क्षमता दोन चौकांमधल्या रुंदीवर ठरत नाही, ती चौकातल्या हिरव्या दिव्यावर ठरते. मधला रस्ता चार पट्ट्यांचा केला तरी बालगंधर्व चौकातून एका हिरव्या दिव्यात जितकी वाहने सुटतात तितकीच सुटणार आहेत. मधल्या रुंदीचा उपयोग पुढच्या लाल दिव्यापर्यंत जोरात जाऊन थांबण्यासाठी होतो, इतकेच. म्हणून चौकाच्या तोंडाशी जिथे वळणाऱ्या वाहनांची वेगळी रांग लागते तिथे रुंदी राखावी, आणि मध्ये निर्धास्तपणे कमी करावी.

धागाकर्त्यांच्या प्रस्तावातील एका कच्च्या दुव्याकडे मात्र लक्ष वेधतो. न्यूयॉर्कनेच २००७ मध्ये नाईन्थ ॲव्हेन्यूवर पहिली अशी मार्गिका केली तेव्हा ती बसथांब्यांच्या विरुद्ध कडेला ठेवली होती. तिथे वाहने उजवीकडून चालतात, बस उजव्या कडेला थांबते, म्हणून सायकल डाव्या कडेला. आपल्याकडे हेच सूत्र लावले तर सायकल उजव्या कडेला जायला हवी. पण उजव्या कडेला घोले रस्ता येऊन मिळतो, दुकानांची दारे आहेत, इमारतींच्या पार्किंगची तोंडे आहेत. डावीकडे बसचा प्रश्न आहे आणि उजवीकडे वळणांचा. मी यांपैकी बसचा प्रश्न पत्करीन, कारण थांबे मोजके असतात आणि त्यांची आखणी नीट करता येते, तर दर वीस मीटरला असलेल्या फाटकांचे काहीच करता येत नाही.

अर्धे पायडल

नळीखालून पाय घालून अर्धे पायडल मारत ज्या पिढीने सायकल शिकली, त्या पिढीचा मी आहे. वरची चर्चा वाचून बरे वाटले आणि थोडे हसूही आले, कारण एके काळी या शहराला सायकल चालवायला शिकवण्याची गरज नव्हती. सायकलींचे शहर अशी पुण्याची ओळख होती. सायकलीला पालिकेचा बिल्ला लावावा लागे, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसवले तर पोलीस अडवत असे, आणि तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने जागोजागी होती. कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की रस्ता सायकलींनी भरून जाई. तेव्हा वेगळी मार्गिका कोणी मागत नव्हते, कारण सगळा रस्ताच सायकलीचा होता आणि मोटार ही पाहुणी होती.

मग आधी स्कूटर आली, पाठोपाठ १९७२ नंतर लुना आली, आणि ज्याला जसे परवडले तसा तो सायकलीवरून उतरला. त्यात त्याचे काय चुकले? घर लांब गेले, बस वेळेवर येईना, आणि मोटारींमध्ये सायकल चालवणे जिवावर बेतू लागले. सायकल सोडणारा प्रत्येक जण मागे उरलेल्याचा धोका वाढवत गेला.

परंतु ‘आता सायकल चालवतोच कोण’ असे म्हणणाऱ्यांनी पहाटे साडेपाच ते सात या वेळात या रस्त्यावर उभे राहून पाहावे. वर्तमानपत्र टाकणारी मुले, इमारतींचे रखवालदार, हॉटेलांत भाजी चिरायला आणि भांडी घासायला येणारी माणसे, बांधकामावरचे गवंडी, हे सगळे सायकलवर दिसतात. ते हेल्मेट घालत नाहीत, सायकलींच्या संघटनांत नसतात आणि मंचांवर लिहीत नाहीत, म्हणून मोजणीतही येत नाहीत. मार्गिकेची चर्चा निघाली की आपल्या डोळ्यांपुढे पन्नास हजारांची सायकल आणि तंग कपडे येतात. मार्गिका त्यांच्यासाठी नकोच आहे, ते कुठूनही जातील.

अवांतर: हाच रस्ता १९७६ मध्ये रेकॉन्डो नावाच्या कंपनीने दहा वर्षे खड्डा पडणार नाही अशा हमीवर बांधला आणि ती हमी पाळली, ही गोष्ट पुणेकर मुलांना गोष्टीसारखी सांगत आले आहेत. नवी मार्गिका करताना तशीच लेखी हमी मागावी. पट्टीवरचे पेव्हर ब्लॉक पहिल्या दोन पावसाळ्यांत खालीवर होतात, आणि सायकलीच्या बारीक चाकाला अर्ध्या इंचाची पायरीही पाडू शकते.

शाळा सुटली

माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि शाळा घरापासून अडीच किलोमीटरवर आहे. तिला सायकल उत्तम येते. तरीही मी तिला रोज स्कूटरवरून सोडते, आणि शाळेच्या दाराशी जी झुंबड उडते त्या झुंबडीतील एक स्कूटर माझी असते, हे मला कळते.

मला मार्गिकेची लांबी सांगू नका, चौकात काय होते ते सांगा. ज्या ज्या ठिकाणी मी अशा मार्गिका पाहिल्या तिथे चौक जवळ आला की रंगीत पट्टी हलकेच संपते, जणू पुढचे काम देवावर सोपवले आहे. सरळ रस्त्यावर मुलीला फारशी भीती नाही. तिला भीती आहे ती चौकात डावीकडे वळणाऱ्या गाडीची. आपल्याकडे बहुतेक चौकांत डावे वळण सिग्नलशिवाय मोकळे असते, त्यामुळे सरळ जाणारी सायकल आणि डावीकडे वळणारी बस एकाच क्षणी एकाच जागी येतात. तिथे कठडा नसेल तर मागच्या अर्ध्या किलोमीटरच्या कठड्याचा मला काही उपयोग नाही.

टेपमास्तर

शाळा सुटली यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही एकत्र केले तरच गुण येतो. पहिला म्हणजे कोपऱ्यावर एक उंचवट्याचे बेट करायचे, ज्यामुळे वळणाऱ्या गाडीला घट्ट वळावे लागते आणि वेग आपोआप खाली येतो. दुसरा म्हणजे मार्गिका चौकात किंचित आत, साधारण एका मोटारीच्या लांबीइतकी मागे सरकवायची, म्हणजे गाडी वळून सरळ होते आणि मग तिच्यापुढे सायकल काटकोनात येते. चालकाला ती काचेतून समोर दिसते, आरशात शोधावी लागत नाही. तिसरा म्हणजे मोकळे डावे वळण बंद करून त्याला स्वतंत्र सिग्नल द्यायचा. या तिसऱ्या उपायाला सर्वांत कमी खर्च येतो आणि सर्वांत जास्त विरोध होतो.

दुहेरी मार्गिकेत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. डावीकडे वळणारा चालक मागून येणाऱ्या सायकलीची अपेक्षा कदाचित ठेवील, परंतु समोरून, म्हणजे एकदिशेच्या उलट येणाऱ्या सायकलीची तो अपेक्षाच करत नाही. म्हणून अशा प्रत्येक फाट्यावर मार्गिका रस्त्याच्या वर उचलून घ्यावी, जेणेकरून गाडीला गतिरोधकावरून गेल्यासारखे तिच्यावर चढून उतरावे लागेल. आज उलटे होते. फाटकाशी पदपथ आणि मार्गिका खाली उतरवली जाते आणि गाडी सपाटीने जाते.

डेल्फ्टची सून

माहेर सदाशिव पेठ, सासर नेदरलँड्समधील डेल्फ्ट, त्यामुळे दोन्हीकडचे थोडे सांगण्याचा अधिकार घेते.

इकडच्या लोकांच्या रक्तातच सायकल आहे, असे पुण्यातील नातेवाईक मला नेहमी ऐकवतात. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इथेही मोटारी वाढल्या, शहरांतील चौक पाडून वाहनतळ झाले, आणि सायकल घटत गेली. १९७१ या एका वर्षात या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. तेव्हा ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली आणि आयाबाप रस्त्यावर उतरले. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले. मार्गिका या दोन्हींच्या रेट्यातून आल्या.

घोलेरोडकर यांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. सत्तरच्या दशकात सरकारने आधी टिलबर्ग आणि हेग या दोन शहरांत एकेक देखणी, खर्चिक, नमुनेदार सायकल मार्गिका करून पाहिली. हेगमध्ये दुकानदारांनी जे रण माजवले ते गल्ल्यावरून यांना आपलेसे वाटेल. मार्गिकेवर सायकली वाढल्या, परंतु त्यांतील पुष्कळशा शेजारच्या रस्त्यांवरून तिकडे वळलेल्याच होत्या. शहरातील एकूण सायकली फारशा वाढल्या नाहीत. त्यानंतर ऐंशीच्या दशकात आमच्या डेल्फ्टने निराळा मार्ग धरला आणि साध्या, स्वस्त दुव्यांनी संपूर्ण शहराचे जाळे विणले. कुठे लहानसा पूल, कुठे बोगदा, कुठे एकदिशा रस्त्यावर सायकलीला उलट जाण्याची मुभा. त्याचा गुण आला.

जंगली महाराज रस्ता कितीही उत्तम केला तरी तो पुण्याचे टिलबर्ग होण्याची भीती आहे. तिथून नदीवरच्या झेड पुलावर, भिडे पुलावर, पेठांत सायकल कशी जाणार, हा प्रश्न रस्त्याच्या रुंदीइतकाच मोठा आहे. पुणे पालिकेचा सर्वंकष सायकल आराखडा २०१७ च्या डिसेंबरात मंजूर झाला. पुढच्या वर्षी मी सुट्टीवर तिथे गेले होते, आणि भाड्याच्या पिवळ्या, नारिंगी सायकली रस्तोरस्ती पाहून हरखून गेले होते. पुढच्या एकदोन वर्षांत त्या सायकली नाहीशा झाल्या. सायकली आल्या, वाटा आल्या नाहीत.

गल्ल्यावरून

हेगच्या दुकानदारांना माझा नमस्कार कळवा. त्यांची दुकाने नंतर चालली का, तेवढे सांगा.

डेल्फ्टची सून

एकेका दुकानाचे मला सांगता येणार नाही. परंतु हेगच्या मध्यवस्तीतला मोठा भाग आज चालणाऱ्यांचाच आहे आणि तिथे शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. आपल्या लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात, त्या दिवशी गल्ल्यात काय पडते ते तिथल्या दुकानदारांना आपणच विचारावे. आपल्याला ते खरे सांगतील, मला सांगणार नाहीत.

कुर्ल्याहून

मुंबईचा अनुभव नोंदवतो. वांद्रे-कुर्ला संकुलात रस्ते रुंद, इमारती नव्या, जागेची टंचाई नाही, अशा आदर्श परिस्थितीत सायकल मार्गिका बांधल्या गेल्या होत्या. तिथे कार्यालयांत येणारा माणूस कुर्ला किंवा वांद्रे स्थानकावर उतरतो, आणि त्या स्थानकांपासून संकुलापर्यंत सायकलीला सुरक्षित वाट नव्हती. मार्गिका दोन्ही टोकांना हवेत लोंबकळत राहिली. तिच्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या, आणि काही वर्षांनी ‘वापर नाही’ या कारणास्तव ती काढून जागा वाहनांना देण्याचा निर्णय झाला. दिल्लीतही आंबेडकरनगर ते मूलचंद या बीआरटी मार्गालगत, म्हणजे बससाठी राखीव मार्गालगत, सायकलींची वेगळी वाट होती, तीही २०१६ मध्ये त्या मार्गाबरोबर गेली.

सांगायचे इतकेच की अर्धवट मार्गिका नुसती निरुपयोगी ठरून थांबत नाही, ती पुढच्या मार्गिकेविरुद्ध साक्ष देते.

पांढरी काठी

मी दृष्टिहीन आहे आणि पडदावाचकाच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीच्या, साहाय्याने हा धागा वाचत आहे. आजच्या रचनेविषयी धागाकर्ते म्हणतात ते शब्दशः खरे आहे. फरशीचा रंग बदलला हे माझ्या काठीला कळत नाही. पदपथ संपून सायकलची वाट कुठे सुरू झाली हे मला मागून आलेल्या घंटीने, आणि एकदा कोपराला बसलेल्या हँडलने कळले. टॅक्टाईल, म्हणजे काठीला आणि पायाला कळणारी उठावाची, फरशी घातलेली आहे, परंतु ती मध्येच चेंबरच्या झाकणाशी तुटते, तर एके ठिकाणी थेट खांबावर नेऊन सोडते. तेव्हा मार्गिका खाली उतरवावी याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण मध्ये पायरी असेल तर काठीला सीमा कळेल.

परंतु टेपमास्तर यांनी बसथांबा कठड्याच्या पलीकडच्या बेटावर नेला आहे, त्याने माझ्यासाठी नवे संकट उभे राहते. आज मी पदपथावरून थेट बसमध्ये चढतो. उद्या मला आधी दोन्ही दिशांनी येणाऱ्या सायकलींची वाट ओलांडावी लागेल, आणि सायकलचा आवाज होत नाही. बसचा आवाज मला चौकापासून ओळखता येतो, सायकल अंगावर येईपर्यंत कळत नाही. याचे उत्तर नकाशा अंतिम होण्यापूर्वी हवे आहे. नंतर बसवलेल्या फरशीने ते मिळत नाही.

टेपमास्तर

पांढरी काठी यांचा आक्षेप मान्य आहे, आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. थांब्याशी मार्गिका ३ मीटरवरून कमी करून चिंचोळी करावी आणि पदपथाच्या उंचीला उचलावी, म्हणजे सायकलला चढ लागेल आणि वेग पडेल. ओलांडण्याची जागा एकच आणि ठराविक ठेवावी, तिच्यापर्यंत टॅक्टाईल फरशी सलग न्यावी, आणि बाकी लांबीला कठडा ठेवावा. बेट निदान २ मीटर रुंद हवे, अन्यथा गर्दीच्या वेळी थांबलेले प्रवासी मार्गिकेवरच उभे राहतील. तरीही सायकलस्वार थांबतीलच याची खात्री मी देऊ शकत नाही. ती सवय कठड्यातून येत नाही.

आता दुचाकींविषयी, ज्या प्रश्नाला सगळ्यांनी सोयीस्कर बगल दिली आहे. मार्गिका मोकळी आणि सपाट झाली की पहिल्याच दिवशी तिच्यात स्कूटर शिरणार. लोक म्हणतात खांब लावा. चाकाच्या खुर्चीला जायला ९० सेंटिमीटर मोकळी जागा सोडावीच लागते, आणि जिथून चाकाची खुर्ची जाते तिथून स्कूटर सहज जाते. त्यामुळे खांब मोटार आणि रिक्षा अडवतात, स्कूटर अडवत नाहीत. ज्याला स्कूटर अडेल असा खांब हवा आहे, तो अपंग व्यक्तीलाही अडवतो आहे.

त्यातच विजेवरच्या गाड्यांचा गुंता आहे. ज्या गाडीची मोटार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, तिला आपल्या नियमांनुसार नोंदणी लागत नाही, पाटी लागत नाही. घरपोच सामान पोहोचवणारी कित्येक मुले अशाच गाड्या चालवतात. ती गाडी सायकल समजायची की नाही? माझे मत असे की त्यांना मार्गिकेत येऊ द्यावे आणि मार्गिका त्या हिशेबाने, बसथांबे सोडून इतरत्र, ३ मीटरपेक्षा कमी करू नये. दिवसभर वाहतुकीत जीव धोक्यात घालून राबणाऱ्या त्या मुलांना बाहेर काढून आतली वाट हौशी लोकांसाठी रिकामी ठेवणे मला पटत नाही. पाटी असलेल्या स्कूटरला मात्र कॅमेऱ्याने दंड व्हावा, कारण चौकात पोलीस उभा करणे हा कायमचा उपाय नाही.

अर्धे पायडल

टेपमास्तर, पावसाच्या पाण्याच्या जाळ्या विसरू नका. जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला समांतर बसवल्या की पुढचे चाक त्यांत रुतते. त्या आडव्या बसवायला एक पैसाही जास्त लागत नाही.

घोलेरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या मूळ मांडणीत तीन दुरुस्त्या मला मान्य आहेत. डेल्फ्टची सून आणि कुर्ल्याहून यांच्या म्हणण्याप्रमाणे मार्गिकेची दोन्ही टोके आधी ठरवायला हवीत. एका टोकाला शिवाजीनगर स्थानकापर्यंतची वाट हवी, दुसऱ्या टोकाला झेड पुलावरून पेठांत उतरणारी. झेड पूल आधीच फक्त दुचाकींसाठी आहे, त्यामुळे तिथे सायकलीला जागा काढणे इतर कोणत्याही पुलापेक्षा सोपे आहे. मेट्रोची डेक्कन आणि संभाजी उद्यान ही स्थानके २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून नदीच्या बाजूने चालणाऱ्यांचा ओघ बदललेला आहे, त्याचीही नव्याने मोजणी व्हायला हवी, आणि ती पहाटे साडेपाचपासून व्हावी. चौकांविषयी शाळा सुटली यांचे आणि थांब्यांविषयी पांढरी काठी यांचे म्हणणे मी क्षेत्रीय कार्यालयाला द्यायच्या निवेदनात त्यांच्याच शब्दांत घालतो, त्यांची हरकत नसेल तर.

गल्ल्यावरून यांच्याशी मात्र पार्किंगवर मतभेद कायम आहे. सम-विषम तारखांच्या पाट्या लावून एका बाजूचे पार्किंग आपण पुण्यात वर्षानुवर्षे रोजच काढतो आहोत. तेव्हा एका बाजूला गाड्या लावून बाजार चालतो, हे सिद्ध करायची गरज उरलेली नाही. खरा प्रश्न असा आहे की उरलेल्या बाजूला सकाळी दहाला लावलेली गाडी रात्री आठपर्यंत हलत नाही, कारण तिला काही मोजावे लागत नाही. २०१८ मध्ये पालिकेने सशुल्क पार्किंगचे धोरण मोजक्या रस्त्यांसाठी मंजूर केले आणि तेही कागदावर राहिले. एका मोटारीच्या जागेत पाच दुचाकी बसतात, आणि दर तासाला जागा रिकामी झाली तर दिवसभरात त्याच जागेवर पन्नास ग्राहक येऊन जातात.

गल्ल्यावरून

सकाळी दहाला लावून रात्री आठला हलणारी गाडी कोणाची असते ते मला विचारा. ग्राहकाची नसते. शेजारच्या दुकानमालकाची असते, आणि खरे सांगायचे तर काही दिवस माझीही असते.

निवेदनात माझ्या दोन अटी लिहा, म्हणजे मी सही करीन आणि आमच्या ओळीतील आणखी काही जणांच्या आणून देईन. माल उतरवण्याच्या जागा मार्गिकेच्या बाजूला न ठेवता दुकानांच्या बाजूला ठेवाव्यात, सकाळी आठ ते अकरा या वेळेत तिथे दुसरी कोणतीही गाडी उभी राहू नये, आणि जागेची लांबी टेम्पोची असावी, मोटारीची नव्हे. दुसरी अट अशी की काम एका वेळी शंभर मीटरच उकरावे, तो तुकडा पुरा करून उघडल्याशिवाय पुढे कुदळ मारू नये, आणि दसरा ते दिवाळी या दिवसांत रस्त्याला हात लावू नये.

टेपमास्तर, टेम्पोला किती मीटर लागतात?

टेपमास्तर

मागचा फाळका उघडून माल काढायचा असेल तर आठ मीटर धरा.